ऐकून न घेता गेलेले पद

(द्वितीय वर्ष, कला)

दि. २३ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि कोल्हापूर महानगरपालिकेच्या ८१ नगरसेवकांपैकी एकोणीस-वीस जणांच्या खुर्च्या एका दिवसात डळमळल्या. हे नगरसेवक नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत राखीव जागांवरून निवडून आले होते. त्यांनी पैसे खाल्ले, पक्ष बदलला किंवा कोणाला मारहाण केली, असा आरोप नव्हता. निवडून आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र त्यांनी सादर केले नाही, एवढेच कारण. काहींचे प्रमाणपत्र नंतर आले, म्हणजे त्यांची जात खरी होती. पण ते उशिरा आले. कायद्याच्या दृष्टीने त्या उशिराने सर्व काही संपले होते.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही ‘अपात्रता’ हे प्रकरण शिकलो ते चार ओळींत. परीक्षेला त्यावर फार तर टीप येते. वेडसर असणे, दिवाळखोर असणे, लाभाचे पद धारण करणे, परकीय नागरिकत्व घेणे, ही कारणे पाठ केली की चार गुण पदरात पडतात. परंतु ही कारणे लागू झाली आहेत हे ठरवायचे कोणी, आणि ठरवण्यापूर्वी त्या माणसाला बोलू द्यायचे की नाही, हा प्रश्न त्या टिपेत येत नाही. मला तोच प्रश्न खरा वाटतो. लोकांनी मत देऊन बसवलेल्या माणसाला उठवताना त्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे काय?

प्रथम घटना काय म्हणते ते पाहू. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आहेत. अमेरिकेच्या घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे यथोचित व न्याय्य प्रक्रिया, हे शब्द आपल्याकडे मुद्दाम टाळले गेले. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते, आणि त्यानंतर मसुद्यातील शब्द बदलले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. डॉ. आंबेडकरांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी या विषयावर घटना समितीत भाषण केले. दोन्ही बाजूंचे धोके त्यांनी मांडले, पण स्वतः ठामपणे एका बाजूला उभे राहिले नाहीत. संसदेवर पूर्ण विश्वास टाकावा तर बहुमताची मनमानी. न्यायालयावर टाकावा तर पाच-सात माणसांची मर्जी. एवढ्या मोठ्या माणसाला जे अवघड वाटले ते मी द्वितीय वर्षात सोडवीन अशी माझी समजूत नाही. पुढे १९७८ साली मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कार्यपद्धती नुसती कागदावर असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. म्हणजे जो शब्द पुढच्या दाराने आला नाही तो मागच्या दाराने आत आला.

पण २१ वा अनुच्छेद जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा आहे. नगरसेवकपद हे कोणाचे जीवितही नव्हे आणि स्वातंत्र्यही नव्हे. १९८२ साली ज्योती बसू यांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट म्हटले की निवडून येण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. कायद्याने दिले ते कायद्याने घेतले, तक्रार कसली, असा युक्तिवाद यावर सहज करता येतो आणि केलाही जातो.

हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. पद कायद्याने निर्माण झाले हे खरे. पण त्या पदावर माणूस बसला तो कायद्याने नव्हे. तो प्रभागातल्या हजारो माणसांनी रांगेत उभे राहून बसवला. इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराच्या पोलीस प्रमुखाला त्याचे म्हणणे न ऐकता बडतर्फ केले होते, तेव्हा १९६३ साली तेथील उमराव सभेने तो आदेश टिकू दिला नाही. तो तर नेमलेला अधिकारी होता. नेमलेल्या माणसाला जे संरक्षण, ते निवडलेल्या माणसाला का नसावे? आपल्या महाराष्ट्रातच याचे उत्तर मिळते. रायगड जिल्ह्यातील उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना राज्य शासनाने पदावरून दूर केले व सहा वर्षांसाठी अपात्र ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडून आलेल्या माणसाला काढणे म्हणजे कार्यालयातील कारकुनाची बदली करणे नव्हे. त्याने एका माणसाचे नुकसान होतेच, शिवाय मतदारांना त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीवाचून राहावे लागते. म्हणून आरोप नेमका हवा, पुरावा कडक हवा आणि आदेशात कारणे लिहिलेली हवीत, असा त्या निकालाचा आशय आहे.

मग उरणच्या नगराध्यक्षांना जे मिळाले ते कोल्हापूरच्या नगरसेवकांना का मिळाले नाही? यासाठी अपात्रतेचे प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. सर्व अपात्रता एका मापाच्या नसतात.

एक प्रकार असा की ज्यात वस्तुस्थिती आधीच न्यायालयात ठरलेली असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या आठव्या कलमानुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते. पूर्वी विद्यमान आमदार-खासदाराला अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात ती सवलत रद्द झाली. तेव्हापासून शिक्षा आणि पद जाणे यांत श्वास घेण्याइतकेही अंतर राहिलेले नाही. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी शिक्षा सुनावली आणि दुसऱ्या दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी शिक्षा झाली. त्यांची आमदारकीही तशीच गेली. यात वेगळी सुनावणी नाही. पण ती नाही म्हणून अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. सुनावणी झालेली असते. ती न्यायालयात, वकिलांसह, साक्षीपुराव्यांसह झालेली असते. तीच पुन्हा सभागृहात करण्यात हशील नाही. शिवाय चूक झाली असेल तर दार उघडे असते. राहुल गांधी यांच्या दोषसिद्धीला सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी स्थगिती दिली आणि ७ तारखेला त्यांचे सदस्यत्व परत आले.

दुसऱ्या प्रकारात वस्तुस्थिती शोधून काढावी लागते. सदस्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केले काय? त्याने पक्ष सोडला काय? हे कोणीतरी तपासल्याशिवाय कळत नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांवर असा आरोप होता की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरील घरात राहतात. त्यांचे म्हणणे असे की आपण नवरा-मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी ते कायम केले, उच्च न्यायालयात तांत्रिक कारणावर दाद लागली नाही. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. बाई सरपंच झाली हे गावातल्या काहींना सोसले नाही, आणि अधिकाऱ्यांनीही प्रकरण हलक्या हाताने उरकले, अशी नाराजी न्यायालयाने व्यक्त केली. येथे सुनावणी कागदोपत्री झालीच होती. ऐकणाऱ्याचे लक्ष मात्र नव्हते. सुनावणी हवी असे म्हणताना मला विचखेड्याची आठवण ठेवावीशी वाटते, नाहीतर आपण नुसत्या नोटिशीच्या कागदालाच न्याय समजून बसू.

याच प्रकारातले एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील यादवी युद्धानंतर घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. घटनेची शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्याला पद मिळू नये, असे तिच्या तिसऱ्या कलमात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारे डोनाल्ड ट्रंप यांचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये असे ठरवले. बंड झाले की नाही, ते केले कोणी, हे कुठल्या न्यायालयाने आणि कसल्या चौकशीने ठरवायचे, यावर तेथे प्रचंड वाद झाला. ४ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोचा निर्णय फिरवला. राष्ट्रीय पदासाठी हे कलम लागू करणे एकेकट्या राज्याच्या हाती नाही, असे म्हटले. घटनेत अपात्रता लिहिलेली आहे म्हणून ती आपोआप लागू होते काय, हा प्रश्न तेथेही दीडशे वर्षांनंतर नव्याने उभा राहिला, एवढे आपल्यापुरते पुरे.

आता कोल्हापूर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ५ ब तेव्हा असे सांगत होते की राखीव जागेवरील उमेदवाराने अर्जासोबत जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र दोन्ही जोडावीत. वैधता मिळालेली नसेल, पण पडताळणी समितीकडे अर्ज केलेला असेल, तर त्याची पोच जोडावी आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देईन असे हमीपत्र लिहून द्यावे. ते न दिल्यास त्याची निवडणूक पूर्वलक्षी प्रभावाने संपुष्टात आली असे ‘मानण्यात येईल’ आणि तो अपात्र होईल. ‘मानण्यात येईल’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. मानायला चौकशी लागत नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असाच अर्थ लावला: मुदत बंधनकारक आहे, अपात्रता आपोआप येते आणि नंतर प्रमाणपत्र मिळाले तरी गेलेले पद परत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. उशीर समितीकडून झाला, आमचा दोष नाही, हे म्हणणे मांडले गेले. परंतु कायद्यात परिणाम इतका स्पष्ट लिहिलेला असताना त्याला वळसा घालता येत नाही, असे ठरले.

निकाल वाचताना प्रथम मला राग आला. नंतर वाटले, न्यायालयाने दुसरे करायचे काय? समजा, आयुक्तांनी प्रत्येक नगरसेवकाला बोलावून सुनावणी घेतली असती. त्या सुनावणीत विचारायचा प्रश्न एकच: सहा महिन्यांत प्रमाणपत्र दिले काय? नाही दिले. का नाही दिले, हे कायद्याने विचारलेलेच नाही. म्हणजे तोंड उघडण्याची संधी दिली असती तरी सांगण्यासारखी गोष्ट कायद्याने आधीच निरुपयोगी ठरवली होती. तेव्हा येथील दोष सुनावणी न घेण्यात जितका आहे त्याहून अधिक तो कायद्याच्या घडणीत आहे. ज्याच्या हातात काम आहे त्याला मुदत नाही, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सहा महिने. शेतसारा भरायला तलाठ्याकडे गेलो, तलाठी रजेवर होता, म्हणून माझी जमीन जप्त झाली, असला हा न्याय आहे.

घटनेला हे अभिप्रेत होते असे मला वाटत नाही. ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. त्यातील २४३ फ या अनुच्छेदाचे दोन भाग आहेत. पहिल्यात अपात्रता कोणत्या ते येते. दुसऱ्यात म्हटले आहे की एखादा सदस्य अपात्र झाला आहे काय असा प्रश्न उपस्थित झाला, तर तो राज्य विधिमंडळाने कायद्याने ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे, ठरवलेल्या रीतीने, निर्णयासाठी सोपवला जाईल. आमदारांसाठी १९२ वा अनुच्छेद आहे. तेथे राज्यपाल निवडणूक आयोगाचे मत घेतात आणि त्या मताप्रमाणे वागतात. घटनाकारांच्या डोळ्यांपुढे क्रम असा दिसतो: प्रश्न उपस्थित होईल, कोणीतरी तो ऐकेल, मग निर्णय होईल. महानगरपालिका अधिनियमातही अपात्रतेबद्दल शंका वा वाद निर्माण झाल्यास तो न्यायाधीशाकडे सोपवण्याची तरतूद १२ व्या कलमात आहे. कलम ५ ब ने प्रश्न उपस्थित होण्यालाच जागा ठेवली नाही. प्रश्नच नाही तर उत्तर देणारा कशाला!

या विषयाकडे मी वळलो त्याला घरचेही एक कारण आहे. माझी एक चुलती गावात राखीव महिला जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली होती. ग्रामपंचायतींच्या कायद्यातही तशीच सहा महिन्यांची अट होती. पडताळणीसाठी काय लागते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. इतर मागासवर्गीय असाल तर १९६७ पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले, प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा, गाव नमुना नंबर १४, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांच्या ट्रंकेत हे सापडते. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. आजोबा शाळेच्या पायरीला शिवले नव्हते. त्यांचा शाळेचा दाखला आणायचा कोठून? बाईच्या बाबतीत तर अडचण दुप्पट. जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून कागद माहेरचे लागतात. निवडून आली सासरच्या गावात, आणि पुरावा शोधायचा माहेरच्या तालुक्यात, तोही लग्नाआधीच्या नावाने! चुलतीच्या वडिलांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे. जुनी नोंद मोडी लिपीत निघाली. ती वाचून घ्यायला माणूस शोधण्यात महिना गेला. चुलता रोजगार बुडवून तीन वेळा गेला, आणि दर वेळी एक नवा कागद सांगितला गेला.

अर्ज तिने वेळेत केला होता. प्रमाणपत्र आले ते आठव्या महिन्यात. तोपर्यंत पद गेल्याचा कागद आधी आला होता. “जात खरी हाय म्हंत्यात, मग मी खोटी कशी?” एवढेच ती म्हणाली. तिला तो प्रश्न कोणापुढे मांडताही आला नाही, कारण मांडायची जागाच नव्हती. वकील लावून मुंबईला जाणे आमच्या आवाक्यातले नव्हते. पोटनिवडणूक झाली, दुसरी बाई आली, गाव विसरला. मला वाटते, अपात्रतेच्या कायद्यांचा अभ्यास बहुधा मोठ्या खटल्यांवरून होतो. पण जे खटल्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांच्यावर कायद्याचा खरा भार पडतो.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर आमचे सर म्हणतील, हा लेख नव्हे, अर्ज आहे. खोट्या दाखल्यावर राखीव जागा बळकावणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. १९०२ साली २६ जुलैला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. ज्या शहरातून ही कल्पना निघाली तेथे तरी खोटा दाखला हे साधे पाप मानता येणार नाही. तो कोणाच्या तरी ताटातला घास असतो. पडताळणी समित्यांची आजची व्यवस्थाही १९९४ च्या एका महाराष्ट्रातील खटल्यातूनच आली. दोन बहिणींनी महादेव कोळी असल्याचा खोटा दावा करून वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळवला होता. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दक्षता पथक, नोटीस, सुनावणी यांची सविस्तर पद्धत घालून दिली. पुढे राज्याने तसा कायदा केला व तो २००१ पासून अमलात आला. मुदत नसती तर काय झाले असते? खोटा दाखलेवाला पाच वर्षे तारखा घेत बसला असता, आणि निकाल लागेपर्यंत त्याची मुदत संपली असती. सहा महिन्यांची अट या दुखण्यावरचे औषध म्हणून आली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु औषधाने रोगी आणि निरोगी दोघांनाही सारखेच पाडले. अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ८ जून २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा जातीचा दाखला रद्द केला व दोन लाखांचा दंड केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान लोकसभेची मुदत संपत आली होती. काहींना हे विलंबाचे उदाहरण वाटेल. मला त्यातून निराळे दिसते. उच्च न्यायालयासारखी संस्था जेथे एका निष्कर्षाला येते आणि सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या, तेथे दिनदर्शिकेच्या पानावरून कोणाची जात खरी-खोटी ठरवणे किती धाडसाचे! खासदाराला तीन वर्षे ऐकून घेतले. माझ्या चुलतीला तीन मिनिटे नाही.

आणि ऐकून घेणे किती ताणता येते हे पाहायचे असेल तर आपल्या विधानसभेकडे पाहावे. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षांतर केलेल्या सदस्याची अपात्रता अध्यक्षांनी ठरवायची. १९९२ च्या किहोतो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे काम करताना अध्यक्ष हे न्यायाधिकरण असतात. म्हणजे नोटीस, उत्तर, पुरावा हे ओघाने आलेच. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी २५ जूनला सोळा आमदारांना नोटिसा दिल्या व २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितले. दोन दिवस! सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. आणि एकदा वाढली ती वाढलीच. सरकार बदलले, अध्यक्ष बदलले, घटनापीठ बसले. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला व तो वाजवी काळात द्यावा असे सांगितले. वाजवी काळ संपेना, तेव्हा न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली, तीही पुढे ढकलली गेली. शेवटी १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला: दोन्ही गटांतील कोणीही अपात्र नाही. निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे आणि वार्षिकाच्या संपादकांना तो अडचणीत आणणारा आहे. मी फक्त महिने मोजतो. जून २०२२ ते जानेवारी २०२४, अठरा महिन्यांहून अधिक. त्या काळात ज्यांच्या पात्रतेचा प्रश्न होता त्यांनी मंत्रिपदे भूषवली, कायदे केले, अर्थसंकल्पावर मते दिली.

बाळासाहेब ठाकरे यांच्या बाबतीतही दिरंगाई झाली होती, मात्र वेगळ्या तऱ्हेने. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील भाषणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ डिसेंबर १९९५ रोजी लागला. मताधिकार सहा वर्षे काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश, निवडणूक आयोगाच्या मतानुसार, जुलै १९९९ मध्ये निघाला. तोपर्यंत सहापैकी साडेतीन वर्षे सरून गेली होती.

या सर्वांतून मला असे दिसते की आपल्याकडे सुनावणीचा हक्क पदाच्या उंचीप्रमाणे वाढत जातो. वरच्याला इतका की अपात्रता त्याला गाठेपर्यंत सभागृहच विसर्जित व्हावे. खालच्याला इतका कमी की त्याला कळण्यापूर्वीच तो माजी व्हावा. म्हणून नुसते ‘प्रक्रिया हवी’ असे म्हणण्यात माझे समाधान होत नाही. प्रक्रिया हवी, आणि तिला दोन्ही बाजूंनी कुंपण हवे. विधानसभाध्यक्षांना महिन्यांची मर्यादा असावी. ती उलटली तर प्रकरण निवडणूक आयोगासारख्या संस्थेकडे जावे. आणि राखीव जागेच्या बाबतीत, ज्याने अर्ज मुदतीत केला आहे व कागद दिले आहेत, त्याचे पद समितीच्या विलंबाने जाऊ नये. ज्याने कागदच दिले नाहीत, तारखा चुकवल्या, त्याचे खुशाल जावे. आणि दाखला खोटा निघाला तर त्याच दिवशी जावे. हे दोघे कोण कोणते, हे ठरवण्यासाठी अर्ध्या तासाची सुनावणी पुरे. आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांनी समितीकडून फक्त एक टिपण मागवावे: अर्ज कधी आला, त्रुटी कधी कळवली, ती कधी पुरी झाली, पुढे फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती. एवढ्यावरून खरे-खोटे उघड होते.

माझ्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की मग आधी वैधता आणा, नंतर उभे राहा, इतका साधा नियम करावा, प्रश्नच मिटला. दिसायला हे सोपे आहे. पण निवडणुकीची सोडत अगदी शेवटी निघते; प्रभाग राखीव झाला हे कळल्यानंतर अर्ज भरायला थोडे आठवडे उरतात. ज्यांच्याकडे वैधता तयार आहे असे उमेदवार कोण असतील? ज्यांच्या घरी कोणी नोकरीत आहे, ज्यांनी मुलांच्या प्रवेशासाठी पूर्वीच कागद काढून ठेवले आहेत, असे. म्हणजे राखीव जागेतही पुन्हा वरचा थर. माझी चुलती त्या नियमाखाली उभीच राहू शकली नसती.

२०१८ च्या निकालानंतर राज्य सरकारने त्याच वर्षी मुदत सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली आणि ती मागील तारखेपासून लागू केली. वर्षाच्या आत प्रमाणपत्र दिलेल्या नगरसेवकांना त्याचा आधार मिळाला. राज्यभरातील गावोगावच्या सदस्यांनीही सुटकेचा श्वास सोडला. सर्वपक्षीयांचे लोक अडचणीत होते, त्यामुळे विरोध कोणी फारसा केला नाही. ज्यांची पदे त्याआधीच गेली होती व ज्यांच्या जागी पोटनिवडणुका होऊन गेल्या होत्या, त्यांच्यासाठी मात्र मागे जाण्याचा रस्ता नव्हता. दुरुस्तीने आकडा बदलला. तेराव्या महिन्यात प्रमाणपत्र आले तर ‘मानण्यात येईल’ हे शब्द तेथे तसेच राहिले, आणि समितीने अर्जाचा निकाल किती दिवसांत द्यावा याविषयी त्या परंतुकात एकही शब्द नव्हता.